साडूच्या डोक्यातला फुगा

माणसाने हेवा कशाचा करावा याला काही धरबंध असावा, हे मलाही मान्य आहे. दुसऱ्याच्या घराचा करावा, पेन्शनचा करावा, फार तर डोक्यावरच्या केसांचा करावा. मी माझ्या साडूच्या डोक्यातल्या फुग्याचा हेवा केला.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तोंडावर आणि पाठीमागेही मी त्यांना अण्णा म्हणतो. मनात काय म्हणतो ते इथे लिहीत नाही. आम्ही दोघेही कुंभकोणमचे. मराठे राजे तंजावरला होते तेव्हा त्यांच्या मागोमाग आमचे पूर्वज इकडे आले आणि परत जायचं विसरले. घरात आम्ही मराठी बोलतो, जी ऐकून पुण्याचे पाहुणे गालातल्या गालात हसतात. उंबरा ओलांडला की तमिळ.

अण्णा आडुतुरैला भाताच्या संशोधनात होते. त्यांनी भाताचं एक नवं वाण काढायला हातभार लावला आणि ते वाण आमच्या सासऱ्यांनी स्वतःच्या शेतात लावलं. आता सांगा, जावई म्हणून यापुढे काय करायचं राहिलं? मी टाइपरायटिंग शिकवायची संस्था चालवली. त्या संस्थेत आता एक झेरॉक्सचं मशीन आणि मी असे दोघेच उरलो आहोत, आणि त्यातलं मशीन अधूनमधून चालतं. सासुरवाडीला अण्णांना कॉफी चांदीच्या पेल्यात मिळायची, मला स्टीलच्या. सासूबाई म्हणायच्या, चांदीचा एकच आहे. इतक्या वर्षांत दुसरा घ्यायचं कोणाच्या मनात आलं नाही.

तर हे अण्णा एके दिवशी स्कूटरवरून साक्कोट्टैकडे निघाले आणि रस्त्यावर वाळत घातलेल्या भातावरून घसरले. जन्मभर ज्या भाताची सेवा केली त्यानेच आडवं केलं, हे ऐकून मला जो आनंद झाला तो मी चेहऱ्यावर येऊ दिला नाही. डोक्याला मार लागला होता म्हणून सीटी स्कॅन काढला. माराचं काहीच निघालं नाही. पण स्कॅनच्या डॉक्टरांना डाव्या बाजूला, मेंदूच्या तळाशी, काहीतरी वेगळं दिसलं. त्यांनी सीटी अँजिओग्राम करायला सांगितला.

त्यात हाताच्या शिरेतून औषध सोडतात. ते रक्ताबरोबर डोक्यात पोचतं आणि मशीन झटपट फोटो काढतं. औषध सोडलं की अंगभर गरम लाट जाते. अण्णा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, "लहान मुलासारखं कपड्यांतच झालं असं वाटतं बघा, पण झालेलं नसतं." आणि मग पाकिटातून रंगीत फोटो बाहेर काढायचे.

तो फोटो मी पाहिला तेव्हाच माझं बिनसलं. काळ्या कागदावर लाल-सोनेरी रक्तवाहिन्या, जशी काही वरून पाहिलेली कावेरी आणि तिच्या शाखा. एका वळणावर, जिथे शाखा फुटते तिथे, एक इवलासा उंचवटा.

"हा बघ, इथे," अण्णा नखाने दाखवायचे. "रक्तवाहिनीची भिंत पातळ होते आणि फुगा येतो. फुटला तर संपलं."

"फुटला तर" हे ते इतक्या सहज म्हणायचे की बायका तोंडाला पदर लावायच्या. दिवाणखान्यात बसायला जागा नसायची. जे लोक रस्त्यात मला ओळखत नसत ते अण्णांच्या घरी जाताना माझ्याकडे त्यांची चौकशी करू लागले. हा फोटो अक्काने, म्हणजे माझ्या मेव्हणीने, कुटुंबाच्या व्हॉट्सॲपवर टाकला. त्याखाली आशीर्वादांचा पूर आला. मी माझ्या वाढदिवसाला फोटो टाकला होता तेव्हा दोन अंगठे आले होते, त्यातला एक माझ्याच बायकोचा.

पण रिपोर्टात एक मेख होती. तो उंचवटा फुगाच आहे की नुसतं नरसाळं, हे सीटीवरून ठरत नव्हतं. काही माणसांत शाखा फुटते तिथे रक्तवाहिनी मुळातच जरा रुंद असते, नरसाळ्यासारखी. त्याने काही बिघडत नाही. फुगा असेल तर मात्र कवटी उघडून क्लिप लावावी लागेल. कवटीच्या हाडाला खेटून असलेला भाग सीटीत नीट सुटा दिसत नाही. म्हणून तंजावरच्या मोठ्या इस्पितळात जाऊन जांघेतून बारीक नळी घालायची, ती मानेपर्यंत न्यायची, तिथून औषध सोडून फोटो काढायचे. मगच कळणार होतं.

घरोघरी प्रार्थना सुरू झाल्या: देवा, नरसाळं निघू दे. मीही तेच मागत होतो, अगदी मनापासून. नरसाळं निघालं की ती गर्दी ओसरणार होती आणि तो रंगीत फोटो कपाटात जाणार होता. देवाला कारण विचारायची सवय नसते, म्हणून मी सांगितलं नाही.

त्याच सुमारास माझं डोकं दुखायला लागलं. खोटं नाही, खरंच दुखायचं.

"अक्काच्या घरून आल्यावरच कसं दुखतं तुमचं?" बायको म्हणाली.

"उजव्या बाजूला दुखतं."

"भावजींचं डावीकडे आहे म्हणून?"

तिच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. मी आमच्या डॉक्टरांकडे गेलो आणि साडूच्या डोक्यात काय आहे ते इतकं रंगवून सांगितलं की कंटाळून त्यांनी मला एमआर अँजिओग्राम लिहून दिला. यात सुई नाही, औषध नाही. नुसतं मोठं चुंबक. मला जरा कमीपणा वाटला, पण सुरुवात म्हणून ठीक होतं. सोबतीला अण्णा निघाले. स्कॅनच्या बाबतीत आता ते जाणते झाले होते.

कुंभकोणमातल्या त्या स्कॅन सेंटरात एका मुलीने मला हिरवा झगा दिला आणि विचारलं, "घड्याळ, अंगठी, मोबाइल, कवळी, शरीरात कुठे धातू?" मी नाही म्हणालो. "नीट आठवा." मी नीट आठवलं आणि नाही म्हणालो.

आमच्याकडची माझ्या पिढीतली पुरुष मंडळी जानव्याला किल्ली बांधतात. कोणी तिजोरीची, कोणी देवघराची. माझ्या वडिलांनी बांधली, म्हणून मी बांधली. अंघोळ करताना ती अंगावर असते, झोपताना असते, श्रावणीला जानवं बदललं की नव्या जानव्यावर जाते. ती धातूची आहे हे मला सांगता आलं नसतं, जसं बरगड्या कशाच्या आहेत हे कोणी आठवून सांगत नाही.

मशीनच्या खोलीत पाऊल टाकलं आणि कोणीतरी मला जानव्याला धरून पुढे ओढलं. पहिला विचार वडिलांचा आला. दुसरा आला तोवर झग्याच्या गळ्यातून किल्ली बाहेर आली होती आणि हवेत ताठ उभी राहून मशीनच्या तोंडाकडे बघत होती. जानवं माझ्या मानेत काचत होतं. मी हात जोडले असं ती मुलगी पुढे सगळ्यांना सांगायची. मला आठवत नाही. मला आठवतं ते हे, की तिने मागून माझा दंड पकडला आणि बैलाला कासऱ्याने ओढावं तसं मला दाराबाहेर काढलं. किल्ली परत छातीवर पडली.

"धातू नाही म्हणालात," ती म्हणाली.

"ही किल्ली आहे," मी म्हणालो.

किल्ली सोडवायला बाहेरच्या बाकावर बसलो. वर्षभर घामात आणि पाण्यात भिजलेली ती गाठ सुटेना. मुलीने कात्री आणली. जानवं तोडायचं नाही, म्हणून मी झगा आवळून धरला. बाकीचे रोगी स्वतःचे रोग विसरून बघत होते. तेव्हा अण्णांनी चष्मा डोळ्यांजवळ आणला, माझ्यासमोर स्टूल ओढलं आणि गाठ दोन नखांत धरली.

"हलू नको. भाताच्या फुलातले केसर काढताना माणूस हलला की हंगाम गेला."

मी हललो नाही. हेवा मात्र आतल्या आत हलत होता. गाठ सोडवण्यातही हेच पहिले.

"कशाची किल्ली?" त्यांनी विचारलं.

"देवघरातल्या पेटीची."

"पेटीत काय आहे?"

"आठवत नाही. किल्ली आहे म्हणून पेटी ठेवलीय."

ते हसले नाहीत. गाठीत नख घालत, मान खाली घालून म्हणाले, "तुझ्या डोक्यात काही निघेल असं वाटतं का तुला?"

"निघू शकतं."

"निघालं तर बरं होईल." मग त्यांचा हात थांबला. "तसं नव्हे रे. निघू नये. पण निघालंच, तर तंजावरला दोघे जाऊ. मला दोनदा बोलावलं होतं त्यांनी. एकदा मी अमावास्या काढली, एकदा सर्दी. अक्काला वाटतं, तिकडूनच तारीख आली नाही."

मी झगा आणखी आवळला.

"लोक फोटो बघत असतात तोपर्यंत कधी जाणार म्हणून कोणी विचारत नाही," ते म्हणाले. "ती नळी जांघेतून डोक्याकडे जाणार. तसं झोपून राहायचं. मला नाही जमत, राव. शेतात साप निघाला तरी मी कधी पळालो नाही."

गाठ सुटली. किल्ली त्यांनी माझ्या हातात ठेवली. त्या बाकापाशी आम्हा दोघांच्याही मनात एकच इच्छा होती, की माझ्या डोक्यात फुगा निघावा. इतक्या वर्षांत आमचं पहिल्यांदा कशावर तरी एकमत झालं होतं.

मशीनने अर्धा तास माझ्या कानाशी पत्रे ठोकले. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला: रक्तवाहिन्या सर्व ठीक. वयोमानानुसार मेंदू किंचित आक्रसलेला.

बायकोने दोनदा वाचला. "किंचितच म्हणतात," ती म्हणाली.

संध्याकाळी अक्काकडे गेलो तेव्हा दिवाणखाना भरलेला होता. अण्णांनी मला पाहिलं आणि हातातला फोटो खाली ठेवला. "काय निघालं?" सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. इतक्या माना माझ्याकडे लग्नातसुद्धा वळल्या नव्हत्या. तेव्हा नवरी जास्त बघण्यासारखी होती. खरं बोलायला मी तोंड उघडलं आणि त्यातून जे बाहेर आलं ते असं: "थोडं संशयास्पद आहे. उजवीकडे. तंजावरला नळी घालून बघायला सांगितलंय."

कोणीतरी च्च्च् केलं. माझ्यासाठी. ते सुख मी वर्णन करू शकत नाही. बायको स्वयंपाकघरातून कॉफीचा ट्रे घेऊन येत होती. तिने तो ट्रे न सांडता टीपॉयवर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. रिपोर्ट तिच्याच पर्समध्ये होता.

अण्णा उठून उभे राहिले. "कधी जाऊ या?" त्यांनी विचारलं, जसं काही सिनेमाला जायचं आहे.

घरी परतताना बायको म्हणाली, "बोललात ना? आता निभवा. भावजी इस्पितळात आत जाईपर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही."

"पण मग माझं काय?"

"तुमचं काय व्हायचं आहे? आक्रसलंय तेवढं पुरे."

सकाळच्या गाडीने आम्ही चौघे तंजावरला निघालो. अण्णा मला धीर देत होते. नळी घालताना दुखत नाही, त्यांनी चौकशी केली होती. औषध गेलं की डोक्यात ऊब येते. एरवी त्यांनी मला उपदेश केला की माझा जळफळाट होतो. त्या दिवशी मी एखाद्या मुरलेल्या रोग्यासारखी मान हलवत होतो. पापनाशम् मागे पडेपर्यंत माझ्या डोक्यात उजवीकडे खरोखरच काहीतरी ठुसठुसू लागलं.

इस्पितळात अण्णांना पुढे घेतलं. झगा घालून, हाताला सुई लावून त्यांना चाकांच्या खाटेवर झोपवलं. मग डॉक्टरबाई आल्या. त्यांनी माझ्या स्कॅनची सीडी संगणकात घालून बघितली, पुढे-मागे केली, पुन्हा बघितली.

"ह्यांचं सगळं स्वच्छ आहे," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "ह्यांना कोणी पाठवलं?"

मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागलो. आणि मग अक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे हे एकटे यायला घाबरत होते म्हणून तुम्ही…" तिला पुढे बोलवेना. तिने माझ्यापुढे हात जोडले. धाकट्या बहिणीच्या नवऱ्यापुढे. माझी बायको खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे हलत होते, आणि ते रडण्याने हलत नव्हते.

अण्णांनी मला बोटाने जवळ बोलावलं. मी वाकलो.

"तू माझ्यासाठी केलेलं नाहीस," ते कानात म्हणाले. "मला ठाऊक आहे."

"नाही केलं."

"तिला सांगू नको. तिला बरं वाटतंय." मग त्यांनी माझं मनगट धरलं. हात गार होता. "पण आता मला इथून उठता येत नाही, बघ."

त्यांना आत नेलं.

तपासणी झाल्यावर डॉक्टरबाईंनी मला आणि अक्काला पडद्यासमोर बोलावलं. संगणकाने कवटीची हाडं पुसून टाकली होती; उरल्या होत्या नुसत्या रक्तवाहिन्या, शिशिरात पानं गळालेल्या झाडासारख्या. त्यांनी चित्र फिरवलं. समोरून जे नरसाळ्यासारखं दिसत होतं, ते बाजूने वळल्यावर मानेवरच्या गळवासारखं वेगळं उभं राहिलं.

"नरसाळं असतं तर शाखा त्याच्या टोकातून निघाली असती," बाई म्हणाल्या. "इथे शाखा शेजारून जाते. हा फुगा आहे. आणि ह्याच्या डोक्यावर आणखी एक छोटा फुगवटा आहे. थांबता येणार नाही. फुग्याची मान अरुंद आहे, क्लिप नीट बसेल."

मी देवाकडे मागितलेलं नरसाळं मिळालं नाही. ते मी कोणत्या कारणासाठी मागितलं होतं हे त्या क्षणी मला आठवेना. त्या चित्राकडे बघवत नव्हतं, आणि तरी लिहायला लाज वाटते, एक विचार मनात येऊन गेलाच: हे कुंभकोणमच्या फोटोपेक्षा कितीतरी देखणं होतं.

अण्णा खाटेवर पाय सरळ ठेवून उताणे पडले होते; हलायची परवानगी नव्हती. बाईंनी त्यांना सांगितलं.

"केवढा आहे?" त्यांनी विचारलं.

"तांदळाच्या दाण्याएवढा."

"कुठल्या वाणाचा?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "पोन्नीचा," मी म्हणालो.

"मग बारीकच," अण्णा म्हणाले आणि त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

ऑपरेशनच्या सकाळी न्हावी आला. अण्णांच्या डोक्यावर ह्या वयातही दाट केस होते, ज्यांच्याकडे मी प्रत्येक लग्नाच्या पंगतीत बघून घेत असे. ते सगळे वर्तमानपत्रावर पडले. खाली जो गुळगुळीत गोळा उरला तो माझ्या टकलापेक्षाही वाईट दिसत होता. मला आनंद व्हायला हवा होता. मी त्याची वाट बघत उभा राहिलो. तो आला नाही. मी न्हाव्याला उगाच म्हणालो, "मागे जरा ठेवा की."

"कशाला?" अण्णा म्हणाले. "तुला जोडीला कोणी नको?"

त्यानंतर बाहेरच्या खुर्च्यांवर आम्ही तिघे बसलो. बायको जप करत होती. अक्का माझ्याशी बोलत होती, की तुमच्यामुळे आलो, नाहीतर हे आलेच नसते. ती बोलायची आणि मी बुटाच्या नाडीशी खेळायचो. त्यांचं काही बरंवाईट झालं तर ते आत कोणाच्या हेव्यापायी गेले हे मला आणि बायकोलाच माहीत असणार होतं, आणि त्यात भर म्हणजे अक्काला ते पुण्य वाटत होतं.

दुपारी डॉक्टरबाई बाहेर आल्या. क्लिप बसली होती. तिथेच पुन्हा फोटो काढून बघितला होता. फुग्यात रक्त जात नव्हतं आणि शेजारची शाखा मोकळी होती. शुद्धीवर येत आहेत, म्हणाल्या. पण एक अडचण होती. डाव्या बाजूला सूज असल्यामुळे शब्द जरा गोंधळले आहेत, ते परत येतील, पण सध्या पेशंट तमिळमध्ये उत्तर देत नाहीत. "काहीतरी दुसरंच बोलताहेत. तुमची घरची भाषा का?"

अक्का आत जायला उठली आणि दारातच तिचा हुंदका फुटला. म्हणून मी गेलो.

अण्णांच्या डोक्याला मोठी पट्टी होती, डावा डोळा सुजून मिटला होता. उजव्याने त्यांनी मला नीट बघितलं. मी नमस्कार करायला हात जोडले. डोळ्यांतून आणि नाकातून पाणी वाहत होतं.

अण्णांनी ओठ हलवले. आवाज घोगरा होता, पण मराठी आमच्या घरातली, चोख. "ह्याला आधी बाहेर काढा. ह्याचं नाक गळतंय."

नर्सने तमिळमध्ये मला विचारलं, "काय म्हणतात?"

"तुमचे आभार मानताहेत," मी सांगितलं.

ती विरघळली. तिने त्यांची उशी नीट केली, पांघरूण वर ओढलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाली की इतक्या मोठ्या ऑपरेशननंतर डोळे उघडल्याबरोबर दुसऱ्याचे आभार मानणारा पेशंट तिने अजून बघितला नव्हता. बोलता बोलता ती शेजारच्या नर्सलाही बोलावून आणायला गेली. अण्णांचा उजवा डोळा माझ्यावरच होता, आणि तो हसत होता. माझ्या पोटात पुन्हा जळायला लागलं.